बाबांनी दुरुस्त केलेलं ग्रीक महाकाव्य

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असं बाबांचं मत आहे आणि ते खरंही आहे. म्हणून मी एका प्राचीन ग्रीक महाकाव्याचं मराठी भाषांतर करायला घेतलं, तेव्हा स्वच्छ प्रत करायचं काम त्यांनी न विचारताच अंगावर घेतलं. बाबा निवृत्त संस्कृत शिक्षक. ग्रीकचं एक अक्षर येत नाही, पण त्याने त्यांचं कधी काही अडलं नाही. आधी त्यांनी माझे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मग ते हळूहळू ग्रीकांना सुधारू लागले.

एका दुपारी मी त्यांची प्रत वाचत होते. समुद्राने किनाऱ्यावर फेकलेला एक पाहुणा राजाच्या दारात येतो, असा प्रसंग. मूळ काव्यात राजा त्याला हात धुवायला पाणी देतो, पोटभर जेवू घालतो आणि मगच विचारतो, तू कोण, कुठला? बाबांच्या प्रतीत राजाने दारातच विचारलं होतं, "आपण कोण, कुठले, कुणापैकी?"

"बाबा, हे मुळात नाही."

"मुळातच गडबड आहे. कोण्या प्रत उतरवणाऱ्याने ओळी खालीवर केल्या असतील. पहिले माणूस विचारतात, मग पान वाढतात. बिना विचारता कोणी जेवू घालतं काय?"

पंचाईत अशी की जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक अगदी अशाच शंका काढतात, त्यामुळे बाबांची शंका उडवून लावणं सोपं नव्हतं. मी त्याच काव्यातली आणखी पाच ठिकाणं काढून वाचून दाखवली. पाचही ठिकाणी आधी जेवण, मग नाव. बाबांनी बोटांवर मोजलं आणि तोंड पाडून म्हणाले, "मग त्या लोकांची रीतच उलटी होती."

मला नेमकी ती उलटी रीतच हवी होती. आमची वरची खोली रिकामी होती आणि कॉलेजात रोमन इतिहास शिकवणारी माझी मैत्रीण आमच्या या हिंदीभाषक शहरात मुरारपासून नया बाज़ारपर्यंत खोली शोधत वणवण फिरत होती. ती मुसलमान. चार घरांनी तिचं नाव ऐकून दारातूनच परत पाठवलं होतं, आणि आमच्या जयेंद्रगंजातल्या घरात तर चप्पल काढायच्या आत नाव विचारलं जातं. आठवड्यात खोली मिळाली नाही तर ती नोकरी सोडून भोपाळला परत जाणार होती. मला ते नको होतं. म्हणून मी बाबांना सांगितलं, रविवारी खोली बघायला कॉलेजातली एक जण जेवायलाच येते आहे, तर प्रयोग म्हणून ग्रीक रीत पाळून बघू. जेवण होईपर्यंत नाव-गाव विचारायचं नाही. अभ्यासाचं नाव काढलं की बाबा कशालाही तयार होतात.

रविवारी त्यांची जी तारांबळ उडाली ती पाहण्यासारखी होती. "आपण..." असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वाक्य कसंबसं वळवलं, "आपण आमटी घ्या ना." असं तीनदा झालं. तीन वाट्या आमटी मैत्रिणीने निमूट संपवली. मग तिनेच रोमनांचा विषय काढला. "रोमन लोग तो अंकल, नाम बताने के लिए अलग ग़ुलाम रखते थे. सामने कौन आ रहा है, कान में बता देता था."

बाबांचा चेहरा उजळला. "देखो, ये हुए समझदार लोग. ग्रीकांचंच काहीतरी बिनसलेलं होतं." त्यांनी खुशीत तिला आग्रहाने तिसरी पोळी वाढली. मी मात्र माझ्या पानातला भात नुसता चिवडत होते.

हात धुऊन झाल्यावर बाबा अडकित्ता घेऊन बसले आणि मला म्हणाले, "आता विचारू?" मी मान हलवली. त्यांनी विचारलं. तिने पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, न अडखळता.

सुपारी कातरायची थांबली.

"ऊपर पानी सुबह एक ही घंटा आता है," बाबा म्हणाले. "टंकी भरके रखनी पड़ेगी."

ती "जी" म्हणून खोली बघायला जिना चढून गेली. मी ताटं उचलायला लागले, खरं तर बाबांकडे बघायला नको म्हणून.

"तुला तिचं नाव माहीत होतं," ते म्हणाले.

"हो."

"पहिले सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, असं वाटलं तुला?"

खोटं बोलायची खूप इच्छा झाली. "हो, बाबा," मी म्हणाले.

वर तिने खिडकी उघडल्याचा आवाज आला. बाबांनी अडकित्ता मिटून डब्यात ठेवला.

"नाहीच म्हटलं असतं," ते म्हणाले.