टॉकीजचं मागचं दार

आमच्या गावचं टॉकीज आधी तमाशाचं थिएटर होतं. पुढं सिनेमाचं मशीन आलं, तेव्हा मालकानं रंगमंचाच्या पुढच्या कडेला पडदा बांधला आणि मागचा रंगमंच तसाच मोकळा राहिला. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीनं तिथं बसायचं, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. तिकीट आम्ही इतरांसारखंच पडद्यापुढं जमिनीवर बसायचं काढायचो, दारवाला मात्र अंगठ्यानं मागचं दार दाखवायचा. म्हणून आम्ही सगळे सिनेमे उलट्या बाजूनं पाहिले. नायक डाव्या हातानं तलवार उपसायचा. सिनेमातली माणसं डावरीच असतात, अशी आईची खात्री होती.

मग दुष्काळ पडला आणि अख्खा तालुका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. आईच्या शेजारी मळेवाल्यांच्या सुना बसू लागल्या. ऊन एक, टँकर एक! वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, मी पत्रकांवरच वाचायला शिकलो होतो. माझं रक्त उसळलं. मी पत्रक लिहिलं : ‘खडी फोडताना शेजारी, मग सिनेमाला पडद्यामागं का? रविवारी दुपारच्या खेळाला पुढच्या दारानं चला!’ शाई वाळायच्या आत ते वस्तीभर वाटलं.

रविवारी वस्ती पुढच्या दारानं आत शिरली. दारवाल्याचा अंगठा हवेतच राहिला. आई पडद्यासमोर मांडी घालून बसली.

मालक धावत आला. “उठा, आपापल्या जागी जा. न्हाईतर मशीन लागायचं न्हाई.”

माझं भाषण तयार होतं. पण मी तोंड उघडायच्या आत आईच उभी राहिली.

“नगं लावू. आमी कालच मागनं बगितलाय. ज्यांनी न्हाई बगितला त्यांना मी सांगते.” आणि खुर्च्यांकडं वळून खणखणीत आवाजात तिनं सुरुवात केली, “तर मंडळी, त्यो दाढीवाला दिवान हाय न्हवं…”

“ओ मावशी, थांबा!” खुर्च्यांमधून कुणीतरी ओरडलं.

“राजाला इख त्यानं न्हाई घातलं.”

एकच गलका उसळला. “मालक, मशीन लावा! ही बया शेवट फोडतीय!”

“आनि कुनी घातलं, तर…”

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आईच्या कामावरची मळेवाल्यांची सून उठली, पदर खोचत आमच्याकडं आली. “मावशे, आता गप. जरा सरक, मी बी हितंच बसते.”

आई सरकली. सून खरंच आईच्या मांडीला मांडी लावून बसली. मालकानं त्या दोघींकडं पाहिलं, कावलेल्या खुर्च्यांकडं पाहिलं आणि मशीनवाल्याला हात केला.

दिवे गेले. उजेडाचा झोत आमच्या डोक्यांवरून पुढं पडद्यावर पडला. मी उठून जोरात शिट्टी मारली, सगळी वस्ती टाळ्या पिटू लागली.

आईनं माझा शर्ट ओढला. “बस खाली, मुडद्या. मागच्यांना दिसत न्हाई.”