कारवीच्या उतारावरचा फोटो

इंदिरानगरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि शेजारी रंगनाथचा फोटो स्टुडिओ. घरची गुलाबाची शेती भावाच्या हवाली करून हा पासपोर्ट फोटो काढत बसला, यातच त्याचं डोकं कळतं. सुट्टी मिळाली की स्वारी कॅमेरा घेऊन डोंगरात. नुसते कडे, झाडं, ढग. फोटोत माणूस आला की याच्या कपाळाला आठी.

त्याची सासुरवाडी त्र्यंबकच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. गावामागच्या उतारावर कारवी आहे. ही झुडपं सात वर्षं नुसती वाढतात, मग एका पावसाळ्यात सगळा उतार जांभळा होतो आणि बी टाकून ती मरून जातात. सातेक वर्षांपूर्वीच्या फुलोऱ्याला त्याची बायको मनीषा आम्हा दोघांना तिकडे घेऊन गेली होती. रंगनाथनं ट्रायपॉड मांडला, तशी ती फुलांत जाऊन उभी राहिली.

"अहो, एक माझा काढा ना इथं."

"बाजूला हो गं, उजेड जाईल," हा म्हणाला. "पुढच्या फुलोऱ्याला तुझाच काढीन."

ती हसत बाजूला झाली. पुढचा फुलोरा काही तिला दिसला नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली.

तेव्हापासून रंगनाथला एकच ध्यास, तो उतार पुन्हा फुललेला पाहायचा. माणूसच नाही तर फोटो कुणाचा काढणार, असं मी एकदा विचारून बसलो. तो लेन्स पुसत राहिला. मला मग पुन्हा विचारवलं नाही.

कारवीचा वैरी वणवा. गवत वाळलं की कुणीतरी विडी टाकतं, कुणी नवं गवत जोमानं यावं म्हणून मुद्दाम काडी लावतं. गवताआडची कोवळी कारवी त्यात जळते आणि पुढच्या पावसात उघडी माती ओढ्याला जाते. म्हणून दर वर्षी थंडी सरता सरता रंगनाथ सासुरवाडीला जाऊन उताराभोवतीचं गवत कापायचा. चांगला रुंद पट्टा मोकळा करायचा, म्हणजे आगीला पुढे सरकायला काही मिळत नाही. सोबतीला मनीषाची काकू, अक्काबाई. बायको गेल्यावरही सासुरवाडीत राबणारा जावई मी तरी दुसरा पाहिला नाही.

फुलोऱ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात अक्काबाईचा फोन आला, "जावई, डोंगर पेटलाय, लवकर या!" रंगनाथनं कॉलर नीट करून बसलेलं गिऱ्हाईक तसंच स्टुलावर सोडलं. स्कूटर मी चालवली. गावातली माणसं हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत होती. आम्हीही घुसलो. माझ्या भुवया जळाल्या, त्यावरून पुढे महिनाभर गल्लीची करमणूक झाली. अर्धा उतार कोळसा झाला. उरलेल्या अर्ध्याच्या कडेला, कापलेल्या पट्ट्यापाशी येऊन आग थांबली. रंगनाथ तिथंच मातीत बसला आणि मोठ्यानं रडला.

भाद्रपदात तो अर्धा उतार फुलला. आम्ही गेलो तेव्हा मधमाश्यांची नुसती गुणगुण चालली होती. रंगनाथनं ट्रायपॉड मांडला आणि नेमकी अक्काबाई फुलांत शिरली. मी तिच्यावर ओरडणार, तोच त्यानं माझा हात दाबला.

"अक्काबाई, थोडं डावीकडं. हां, तिथंच थांबा. मनीषा तिथंच उभी होती."

त्यानं तिच्या चेहऱ्यावर फोकस धरला. अक्काबाईनं पायाखाली पाहिलं आणि हलकेच बाहेर आली.

"नाय जावई. तिची जागा हाय ती. मी नाय उभी राहायची."

रंगनाथनं फोकस त्या मोकळ्या जागेवरच राहू दिला. तसंच बटण दाबलं.

तो फोटो आता स्टुडिओत लागलाय. मध्ये कुणीच नाही आणि मागची कारवी पुसट. परवा अंबडला कंपनीत जाणारं एक गिऱ्हाईक म्हणालं, "काका, फूल स्पष्ट नाही आलं. फोकस चुकला वाटतं."

मला असा राग आला! पण रंगनाथ शांतपणे म्हणाला, "चुकला नाही. ती उभी असती, तर अगदी स्पष्ट आली असती."