मनकर्णाबाईच्या चार बाटल्या

वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या पुढं रस्ता सोडून आत गेलं की जे गाव लागतं, तिथं मनकर्णाबाईला फसवणं कधी कुणाला जमलं नाही. दूध घालायची तेव्हा डेअरीच्या मापात बोट घालून ती तळ चाचपायची. तूर विकायला नेली की काट्याखाली वाकून बघायची, कुणी पाय तर लावला नाही ना. माहेर कारंजाचं. व्यापाऱ्यांच्या गावात वाढलेली पोर. हसणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघू नये, हाताकडं बघावं, हे तिला शाळेत न जाता कळलं होतं. सत्तरी उलटली तरी नजर तीच. नात संस्कृतीनं चहा आणून दिला तरी आधी कपात डोकवायची.

"जहर नाही टाकलं वं आजी, साखरच आहे."

"असन. पाहाले काय जाते?"

आयुष्यात एकदाच आपण फसलो, असं तिला वाटायचं. नवरा रामकिसन मुतखड्यानं गडबडा लोळायचा. त्याला दूरच्या एका शहरात, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिला बाहेर बाकावर बसवलं. दार लागलं. उघडलं तेव्हा रामकिसनच्या कमरेला वीतभर टाके होते. खडा दाखवा, ती म्हणाली. कुणी दाखवला नाही. नर्स नुसती हसली. पुढं रामकिसन काही वर्षं जगला, पण त्या अंगावर कधी झोपला नाही, आणि एका उन्हाळ्यात तोंडापायावर सूज येऊन गेला. एक किडनी काढून घेतली त्याची, असं मनकर्णाबाईनं ठरवून टाकलं. पुरावा मागायचा कुणाकडं? तो तर आपणच नदीकाठी जाळून आलो.

म्हणून हिवाळ्यात एका संध्याकाळी आशाताई रत्नमाला पिशवी घेऊन अंगणात आली आणि "किडनीची तपासनी हाय" म्हणाली, तेव्हा मनकर्णाबाईचे कान उभे राहिले.

"कायची?"

"किडनीची, आजी. आपल्या इकडं लई जनायले हा आजार निघून राह्यला. लागला तरी समजत नाही माणसाले. सकाळची पह्यली लघवी द्या बाटलीत. कोनाच्यात काही निघालं त मंग रक्त पाहू."

"अन् चांगली निघाली त?"

"चांगली निघाली त चांगलंच हाय ना."

"कोनासाठी?"

रत्नमाला हसली. तिथंच तिचं चुकलं.

चौघांची नावं लिहिलेल्या चार लहान बाटल्या ती ठेवून गेली: मनकर्णाबाई, मुलगा राजू, सून ज्योत्स्ना आणि बारावीतली संस्कृती. मनकर्णाबाई त्या बाटल्यांकडं बघत बसली. बैल नेणारा आधी दात बघतो. कुणाची चांगली आहे ते हे आधी बघणार, लिहून ठेवणार, मग कधीतरी गाडी येणार. राजूचं अंग कसं, खांद्यावर पोतं टाकून पळेल असं. आणि संस्कृती तर कोवळी पोर.

सकाळी तिघांनी आपापली बाटली भरून न्हाणीच्या भिंतीवर ठेवली आणि ते आपल्या कामाला लागले. मनकर्णाबाई उठली. तिन्ही बाटल्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या, झटकल्या. मग आडोशाला जाऊन स्वतःची लघवी तांब्यात धरली आणि तिनंच चारही भरल्या, एकसारख्या. जन्मभर दूध मोजलेला हात; एका बाटलीत थेंब जास्त नाही. वर फेस आला होता, तो बसेपर्यंत थांबली. या फेसाकडं तिनं दुधाच्या फेसाइतकंच लक्ष दिलं.

घ्या, ती मनात म्हणाली. म्हातारीची किडनी कोण घेतंय?

काही दिवसांनी रत्नमाला परत आली. या वेळी सोबत उपकेंद्रातला नवा आरोग्य अधिकारी होता, प्रसेनजित नावाचा, कोवळ्या मिशीचा. गल्लीत बाकीच्यांच्या दारात ते दोघं उभ्याउभ्याच बोलून पुढं निघाले होते. या घरात मात्र त्यांनी बाज मागितली.

"चौघांच्याही लघवीत प्रोटीन जातंय," प्रसेनजित म्हणाला. "घाबरायचं नाही. एकदा निघालं म्हणजे आजार आहेच असं नसतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा लघवी पाहू, रक्त घेऊ. तोवर मीठ कमी करा. दुखण्याच्या गोळ्या नाही, जडीबुटी तर अजिबात नाही. पण एकाच घरात चौघं म्हटल्यावर... तुम्ही पाणी कुठलं पिता?"

राजूनं अंगणाच्या कोपऱ्यातल्या हापशाकडं बोट केलं. रामकिसननं घेतलेली बोअर होती ती. अर्धी गल्ली तिथंच पाणी भरायची.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा नमुना गेला आणि तपासणी होईपर्यंत हापशाला लाल रंग लागला. दांडा दोरीनं बांधला. समोरची पौर्णिमा रिकामी घागर घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"बुढे, इतकी वर्सं आमाले काय पाजत होती वं?"

"पानी पाजत होती. तुहे पोट्टे कायच्यावर मोठे झाले? दुधावर काय?"

"तेच म्हनून राह्यली मी. मोठे झाले, आता पुढं काय होईन त देव जाने."

मनकर्णाबाईनं आधी रत्नमालेवर संशय घेतला. तपासणी केलीच नसेल, घरी बसून लिहिलं असेल. मग वाटलं, पौर्णिमेच्या दिरानं शेतात नवी बोअर घेतली आहे, तिथलं पाणी खपावं म्हणून हापसा बंद पाडायला त्यानंच कुणाला सांगितलं असेल. पण पौर्णिमेच्या घरी काही निघालं नव्हतं आणि तीही आता लांबून पाणी आणत होती. गल्लीत दुसऱ्या कुणाकडं काही निघालं नव्हतं. न तपासता लिहिणाऱ्यानं एवढं एकच घर कशाला निवडावं?

तुरीच्या शेंगा सोलता सोलता तिचा हात थांबला. बाटल्यांवर नावं चार होती, पण माणूस एकच होतं. आणि तपासणाऱ्यानं चारही वेळा त्याच माणसाला ओळखलं होतं. काटा खरा होता. तिनं आयुष्यभर काटे तपासले, पण या काट्यात आपणच चार वेळा जाऊन बसलो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं लुगडं घोट्यावर सरकवलं आणि नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. तो भरून यायला वेळ लागला. असाच खळगा रामकिसनच्या पायावर पडायचा.

ती गप्प राहिली. बोलायचं म्हणजे चोरी कबूल करायची, हे एक. पण खरी भीती दुसरीच होती. आपल्यालाही गाडीत घालतील, दार लागेल, आणि बाहेरच्या बाकावर राजू बसलेला असेल. पुन्हा तपासणी होणारच आहे, तिनं स्वतःला सांगितलं. पोरं सुटतील. आपल्या वेळी आपण काहीतरी सबब सांगू.

पण घर तेवढे दिवस थांबेना. राजूनं प्रसेनजितचं अर्धंच ऐकलं होतं. सोंगायला आलेली तूर शेतात वाळत उभी, आणि हा बाजेवर कमरेला हात लावून पडलेला.

"बाबाले झालं, आता मले झालं," तो म्हणाला. "आपल्या रक्तातच हाय हे, माय."

"तुले काही नाही झालं."

"तुले काय समजते?"

तिला समजत होतं. ती शेंगा सोलत राहिली.

ज्योत्स्नानं मीठ तोडलं. संस्कृतीला वाशीमला नर्सिंगला जायचं होतं. तिनं पुस्तकं फळीवर ठेवून दिली. "मलेच झालं त मी कोनाची सेवा करू?" असं ती आईला म्हणाली आणि ते स्वयंपाकघराच्या भिंतीतून आजीला ऐकू आलं. त्या दिवशी मनकर्णाबाई दोनदा बोलायला उठली. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत बसली.

तपासणीचा दिवस उजाडला. त्याच सकाळी राजूनं खिशातून एक पुडी काढली. आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून आणलेलं काळपट भस्म होतं. तीन पेले मांडले, कोमट पाणी ओतून त्यात थोडं थोडं भस्म कालवलं.

"हे घ्या आधी. तो म्हने, मुळापासून खलास करते. मंग घेऊ दे त्यायले रक्त, काही निघत नाही."

"डॉक्टरनं नाही म्हटलं होतं ना?" ज्योत्स्ना म्हणाली.

"डॉक्टरपाशी काय हाय? मीठ खाऊ नका म्हनते नुसता. माय, तूबी घे. तुह्यासाठी चौथा पेला भरतो."

मनकर्णाबाईनं पुडीकडं पाहिलं, मग राजूच्या हाताकडं. चांगला, धट्टाकट्टा हात. ज्याला काही झालेलं नाही तो माणूस औषध म्हणून काय प्यायला निघालाय, हे तिला एकटीला दिसत होतं. संस्कृतीनं पेला उचलला.

म्हातारीनं तो तिच्या हातातून हिसकला आणि अंगणात भिरकावला. उरलेले दोन पायानं लवंडले. त्याच वेळी रत्नमाला आणि प्रसेनजित फाटकातून आत येत होते. काळं पाणी त्यांच्या चपलांपर्यंत वाहत गेलं.

"माय! पागल झाली काय वं?"

"चारही बाटल्या माह्या होत्या," ती म्हणाली. "तुमच्या मी उकिरड्यावर टाकल्या. तुमाले काही नाही झालं. हापशालेबी काही नाही झालं. जे हाय ते मले हाय."

दोरी बांधलेल्या हापशावर चिमणी येऊन बसली. भिंतीपलीकडून पौर्णिमेचं डोकं वर आलं.

"खोटं," राजू म्हणाला. "मले वाचवाले म्हनून राह्यली. मी काय लेकरू हाय?"

"आजी," रत्नमाला हळूच म्हणाली, "पोरायसाठी जीव तुटते, समजते मले. पन असं कोनी करते काय?"

"मी केलं."

"काहून?"

"तू हसली म्हनून."

रत्नमालेला काही कळेना. ती प्रसेनजितकडं बघू लागली. मनकर्णाबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली आणि तिला कळलं, ही माणसं तिच्याकडं तसंच बघताहेत जसं ती काट्याकडं बघायची. कुठंतरी पाय लावलाय, असं. तिला हसू आलं असतं, पण राजू उरलेली पुडी उचलत होता.

"ठेव ते!" ती ओरडली. "दे वं रत्नमाले, बाटली दे. चाल माह्यासंगं आडोशाले. उभी राह्य अन् पाह्य. राजू, तूबी भर, अन् या डॉक्टर पोट्ट्याले संगं ने. कोनाचा कोनावर भरोसा नाही ना? मंग पाहूनच घ्या."

अशी ती विचित्र वरात न्हाणीकडं गेली आणि परत आली. प्रसेनजितनं ओट्यावर दोन बाटल्या ठेवल्या. रंगाची पट्टी आधी राजूच्या बाटलीत बुडवली. पिवळी होती, पिवळीच राहिली. मग दुसरी पट्टी मनकर्णाबाईच्या बाटलीत. पिवळेपणा गेला, हिरवा चढला, बघता बघता गडद झाला.

"अरे देवा," भिंतीपलीकडून पौर्णिमा म्हणाली. "एकटी बुढीच व्हय."

राजू हसला. अगदी मोठ्यानं, लहान पोरासारखा हसला आणि ज्योत्स्नाचा हात धरून उठला. मग हिरव्या पट्टीकडं त्याची नजर गेली आणि हसू तोंडावर तसंच राहून गेलं, काय करावं ते न कळल्यासारखं. मनकर्णाबाईनं ते हसू पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या हसण्याचा तिला राग आला नाही.

ज्योत्स्ना आणि संस्कृतीच्या पट्ट्याही पिवळ्याच राहिल्या. प्रसेनजितनं मनकर्णाबाईच्या पायावर बोट दाबून पाहिलं, दंडाला पट्टा बांधून बीपी घेतलं आणि विचारलं, "आजी, गोळ्या कोणत्या खाता?"

तिनं पदराची गाठ सोडली. गुडघ्याची गोळी, किराणा दुकानातली. रोजची.

"कधीपासून?"

"गुडघे गेले तवापासून."

"हिच्यात काय आहे, विचारलं होतं का कुणाला?"

ती गोळीकडं बघत राहिली. दुकानदार तिच्या माहेरच्या नात्यातला होता. चहाच्या कपात डोकवणारी ती, या गोळीत मात्र कधी डोकवली नव्हती.

"आता बंद," प्रसेनजित म्हणाला. "रक्त वाशीमला तपासू, सोनोग्राफी करू. किती बिघडलंय ते कळलं की बरंच काही हातात राहतं. हापशाचं मी कळवतो, पाण्याचा रिपोर्ट आला की सोडतील."

"येते मी," मनकर्णाबाई म्हणाली. "पन राजू संगं राहीन. आतमंधी. बाहेर नाही."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याची गाडी आली. त्या गाडीत ती समोर बसली, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि रस्त्यावरचा एकेक फाटा ओळखत गेली. वाशीमच्या दवाखान्यात तिला एका खोलीपाशी नेलं. बाहेर बाक होता. दारातली नर्स म्हणाली, "पेशंट आत या. नातेवाईक बाहेर बसा."

राजूनं बाकाकडं पाहिलं. घरी आईनं सांगितलेली त्या जुन्या बाकाची गोष्ट त्यानं शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा कंटाळला होता.

"मी उभाच राह्यतो, मॅडम," तो म्हणाला. "आत. कोपऱ्यात. कोनाले आडवा येत नाही."

नर्सनं दोघांकडं पाहिलं, खांदे उडवले आणि दार उघडंच ठेवलं. मनकर्णाबाईनं बाही वर केली. राजूची नजर सुईवर होती. तिची नर्सच्या हातावर.