निबिया टेचेराची दहा बोटं

निबिया टेचेरानं त्या मंगळवारी इस्त्रीचा ब्लाउज घातला होता. गांजा आणायला! हसू नका. सदुसष्ट वर्षांची बाई आयुष्यात पहिल्यांदा तो दिवसाढवळ्या, चार लोकांत, रांगेत उभी राहून विकत घेणार होती. मग काय गाऊन घालून जायचं तिनं?

अडतीस वर्षं तिनं लोकर धुण्याच्या कारखान्यात काढली. कढत पाणी, सोडा, मेंढ्यांच्या अंगचा तुपकट मळ, आणि त्यात कोपरापर्यंत हात. कारखाना बंद पडला तेव्हा मालकानं भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. सांधेदुखी तिनं आधीच कमावली होती. संध्याकाळी बोटं अशी सुजत की येर्बाचा, तिकडच्या कडू चहाचा, पेला हातात धरवत नसे. गोळ्यांनी पोट बिघडलं. दोन झुरके मारले की मात्र बोटं सैल पडत आणि डोळा लागे. व्यसन म्हणा, औषध म्हणा, एवढंच.

पण आणायचं कुठून? कोपऱ्यावरच्या लालोकडून. त्याचा माल म्हणजे दाबून विटेसारखा केलेला पाला, पेटवला की मुताचा वास. आणि वर मेल्याची मिजास केवढी! "आज नाही मावशी, उद्या या." म्हातारीला दहा चकरा मारायला लावायचा.

मग उरुग्वेच्या सरकारनं कायदा केला. औषधाच्या दुकानात पाच ग्रॅमचं सीलबंद पाकीट मिळणार. आधी पोस्टात नोंद करायची, मग दुकानातल्या यंत्रावर बोट ठेवायचं, की झालं. का, तर म्हणे कोपऱ्यावरच्यांचा धंदा बसावा. गल्लीतून पहिली नोंद निबियानं केली. पोस्टातल्या मुलीनं पाचदा बोट दाबलं तेव्हा कुठे ठसा उमटला. मुलगी म्हणाली, "झालं एकदाचं." निबियालाही तसंच वाटलं.

तर मंगळवार. काखेत येर्बाच्या पाण्याचा थर्मॉस, पायात बरे बूट, पुढे नऊ माणसं. तिचा नंबर आला. काउंटरवर हेबेर होता. दुकान त्याचंच. त्याच्या मुलीचा स्वेटर निबियानंच विणलेला.

"अंगठा ठेवा, मावशी."

तांबडा दिवा.

"शेजारचं बोट."

तांबडा. डावा हात, तांबडा. ब्लाउजला पुसून पुन्हा, तरी तांबडा.

"हात फार कोरडे आहेत तुमचे. क्रीम लावत जा जरा."

"क्रीम? अरे, अडतीस वर्षं सोड्यात होते हे हात! रेघा लोकरीबरोबर धुऊन गेल्या. आता क्रीम लावून उगवणार आहेत का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. निबियानं ओळखपत्र काउंटरवर आपटलं. "हे बघ. फोटो बघ. आणि तू मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो हो," हेबेर खाली बघून म्हणाला. "पण मी ओळखून चालत नाही. यंत्रानं ओळखायला हवं."

ऐकलंत? जिवंत माणूस समोर उभं, ओळखणारा समोर उभा, आणि निकाल देणार डबी!

"जरा बाजूला होता का मावशी? लोक खोळंबलेत."

ती बाजूला झाली. तिच्या मागे कोण असावं? लालो! टेचात पुढे आला, बोट टेकवलं न टेकवलं तोच हिरवा दिवा. लागणारच! ज्यानं जन्मात इकडची काडी तिकडे केली नाही, त्याच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजतील कशाला? दोन पाकिटं घेतली, निबियाला डोळा मारला आणि शीळ घालत बाहेर पडला.

फुटपाथवर तो तिची वाटच बघत होता. "घ्या मावशी. आत दोनशे पेसो, माझ्याकडे चारशे. बोट नको, काही नको."

"लाज नाही वाटत?"

"मला कशाला? मी रीतसर नोंदलेलं गिऱ्हाईक आहे," लालो म्हणाला. "तुमचंच जमत नाहीये."

निबियाचे कान तापले. पण तिनं पर्स उघडली, चारशे पेसो त्याच्या हातावर ठेवले, पाकीट घेतलं आणि तशीच वळून पुन्हा दुकानात शिरली. रांगबिंग काही बघितली नाही. पाकीट हेबेरच्या नाकासमोर ठेवलं.

"तुझंच ना हे? दहा मिनिटांत पोचलं माझ्याकडे. आता सांग, ही डबी नेमकं कुणाला अडवते?"

हेबेरचा चेहरा उतरला. "मावशी, हे काय केलंत? दुसऱ्याच्या नोंदीवरचा माल आहे हा. गुन्हा आहे. सगळ्यांसमोर आणलात, आता मला ठेवून घ्यावा लागेल." आणि खरंच, त्यानं पाकीट उचललं, खणात टाकलं आणि किल्ली फिरवली. "नशीब समजा, मी पोलिसांना कळवत नाहीये."

 निबियानं दोन्ही पंजे काउंटरवर पसरले, सुजलेले, वाकडे, गुळगुळीत.

"कळव की! सत्त्याहत्तर साली लष्कराच्या राज्यात माझ्या पर्समध्ये गांजाची एक विडी सापडली होती. एकच! ठाण्यात ही दहाच्या दहा बोटं शाईत बुडवली त्यांनी, एकेक कागदावर दाबून घेतलं. तेव्हाही मी लोकरच धूत होते. दिसत नाही, उमटत नाही, क्रीम लावून या, असं एक जण म्हणाला नाही. पकडायचं होतं तेव्हा सगळी बोटं दिसली रे तुम्हाला! आणि आज पैसे मोजून मागायला आले, तर मी कोणी नाहीच?"

दुकानात कुणी हसलं नाही. "मी नाही केले हो नियम," हेबेर पुटपुटला.

"पाळतोयस ना पण!" निबियानं कोपऱ्यातली रक्तदाब तपासायची खुर्ची ओढून काउंटरला लावली, बसली आणि तिथला टेलिफोन स्वतःकडे सरकवला.

"मावशी, कुणाला लावताय?"

"पोलिसांना," ती नंबर दाबत म्हणाली. "माझं पाकीट चोरलंय कुणीतरी. चोर समोरच उभा आहे, आणि मी त्याला चांगली ओळखते."