स्केलपट्टीवरचं गाव

सुरतेजवळ हजिऱ्याच्या एका कारखान्यात मी नकाशे ट्रेस करायचो. खिशात सहा इंची स्केलपट्टी आणि डोक्यात हवा. साहेब लोक मुंबईहून विमानाने यायचे-जायचे, त्यांच्या गप्पा ऐकून मलाही गती वगैरे कळायला लागली होती. एकदा भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मी सुरतेहून आईच्या माहेरचं अंतर काढलं. शहाद्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. पावणेदोनशे किलोमीटर फक्त! म्हणजे विमानाने अर्धा तास. सुरतेत गोडादऱ्यातल्या आमच्या गल्लीत हा शोध मी घरोघर सांगितला. यंत्रमागावर राबणारे लूमवाले तोंडात तंबाखू धरून ऐकायचे. गावात विमान उतरणार कुठे, बाजरीत का, असं कुणी विचारलं नाही. माझं शिक्षण होतं ना!

आईला मात्र ते फार आवडलं होतं. लग्न होऊन इतक्या लांब आलेल्या बाईला माहेर अर्ध्या तासावर आहे म्हटल्यावर बरं वाटणारच.

पुढे एका सकाळी नाक्यावरच्या किराणा दुकानात मामाचा फोन आला. पहाटे आजी गेली होती. आमच्याकडे लेकीने तोंड पाहिल्याशिवाय आईला उचलत नाहीत, आणि दिवस बुडायच्या आत अग्नी द्यावा लागतो. म्हणून मामाने एवढंच विचारलं, "भाचा, कितला वाजता पोचशात? तवलोंग आम्ही थांबतस."

शेजारचा लूमवाला त्या वाटेने दर होळीला जायचा. तो दुकानात समोर उभा राहून खूण करत होता, की वेळ सांगू नको, फक्त 'निघालो' म्हण. पण पट्टी माझ्या खिशात होती. नऊला निघणार, ताशी पंचेचाळीस धरले तर चार तास, आणि मोठ्या मनाने एक तास वरचा. "दोन वाजता पोचतो," मी ठणकावून सांगितलं.

पॅसेंजर उच्छलला समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला तासभर उभी राहिली. नकाशावर ते स्टेशन पुसटसा ठिपका होतं. नंदुरबारला शहाद्याची एसटी डोळ्यांदेखत गेली. शहाद्याहून पुढची जीप माणसं कोंबून भरल्याशिवाय हलेना. दोन वाजून गेल्यावर आईने मला वेळ विचारणं बंद केलं. 

साडेसहाला आम्ही गावात शिरलो, तेव्हा माणसं आंघोळी करून ओट्यावर बसली होती. मामा रागावलासुद्धा नाही. दोनचे साडेचार झाले, तेव्हा वाटलं तुम्ही निघालाच नाहीत, म्हणाला. रात्र होईल म्हणाला असतास, तर शहाद्याहून बर्फ आणून तिला सकाळपर्यंत ठेवली असती.

मला त्या क्षणी कुणी थोबाडीत मारली असती, तर उपकार झाले असते. कुणी मारली नाही. सुरतेहून आलेल्या शिकलेल्या भाच्याला आधी चहा दिला.

परतीच्या पॅसेंजरमध्ये आई खिडकीशी बसली होती. उच्छलला गाडी पुन्हा थांबली. तिने पदर सारखा केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "विमानमा अर्धाच तास ना रे?"