जिवंत शिंपी, तोंड बंद

मास्तरांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं. कपडे शिवणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, म्हणून ते मास्तर. माघारी त्यांना सगळे 'कात्री' म्हणत, ते काही हातातल्या कात्रीमुळे नव्हे. गिऱ्हाइकाच्या कमरेचं माप घेता घेता ते त्याच्या पचनाची, सासुरवाडीची आणि भावाशी धरलेल्या अबोल्याची अशी उलटतपासणी करत की माणूस सदरा शिवायला यायचा आणि सल्ला घेऊन जायचा. टाचण्या ओठांत धरल्या की तेवढाच काय तो जगाला विसावा.

त्यांची मुलगी लग्न होऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि तिकडच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. अजून कायम झाली नव्हती. शनिवारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिच्या तासाला मागे बसणार होत्या आणि नोकरी राहते की जाते ते त्यावर ठरणार होतं. आदल्या दिवशी तिनं घाईघाईत माहेरी फोन केला. आईनं उचलला.

"आई, बाबांना सांग, उद्या दहाला माझ्या तासाला शिंपी पाहिजे. जिवंत. आणि तोंड बंद हवं. ठेवते गं."

तिला हवी होती पाण्यातली शिंपी, दोन शिंपल्यांच्या मधे राहणारा तो मऊ जीव. वडिलांचं दुकान मासळीबाजाराला लागून, म्हणून त्यांना सांगितलं. जिवंत शिंपी तोंड मिटून असते आणि मेली की उघडते, म्हणून तसं बजावलं. आईनं निरोप शब्दाला शब्द पोचवला.

"जिवंत?" मास्तर म्हणाले. "मेलेला शिंपी कधी शाळेत गेलाय का?"

"अहो, पोरांना कारागीर दाखवायचा असेल. पण तोंड बंद म्हणालीय बरं का. तिच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. देवासमोर कबूल करा."

मास्तरांनी कबूल केलं. आणि शनिवारी दहाच्या ठोक्याला स्वतः शिवलेला ठेवणीतला कोट घालून ते वर्गाच्या दारात उभे राहिले. मोठ्या बाई शेवटच्या बाकावर बसल्या होत्या.

"बाबा, तुम्ही? शिंपी कुठंय?"

मास्तरांनी ओठ घट्ट मिटून स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

मुलीला झालेला घोळ कळला. टेबलावर रिकामी थाळी, समोर चाळीस पोरं, मागे मोठ्या बाई. रडायलाही वेळ नव्हता. तिनं वडिलांना फळ्यापाशी उभं केलं आणि देवाचं नाव घेऊन सुरुवात केली.

"मुलांनो, या कोटाच्या दोन बाजू म्हणजे दोन शिंपले. पाठीवर ते एकमेकांना जोडलेले. तिथं इलास्टिकसारखा पट्टा असतो, तो शिंपले उघडायला बघतो. आतले दोन स्नायू ते ओढून बंद ठेवतात. म्हणजे उघडायला कष्ट नाहीत, मिटून राहायलाच जोर लागतो."

हे मास्तरांना मनोमन पटलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"शिंपीला डोकं नसतं."

वर्ग खदखदून हसला. मास्तरांनी गिळलं.

"तोंड असतं, पण त्यात दात नाहीत, जीभ नाही. पाय एकच, तो वाळूत खुपसून ती खाली जाते. आता हे कोटाचं अस्तर बघा. शिंपीलाही असं मऊ अस्तर असतं, त्याला प्रावार म्हणतात. आणि गंमत म्हणजे हे अस्तरच बाहेरचा शिंपला तयार करतं."

आता मात्र देवासमोर कबूल केलेलं उसवलं.

"अस्तर कोट शिवतं?" मास्तर गरजले. "अगं, कुणी सांगितलं तुला? आधी कोट, मग अस्तर! चाळीस वर्षं झाली मला!"

"शिंपीचं उलटं असतं बाबा. अस्तर कडेकडेनं नवा थर चढवत जातं. अंग वाढलं की शिंपला वाढतो."

मास्तर थबकले. "म्हणजे वाढत्या अंगाचा कपडा. आणि उसवावा लागत नाही?"

"कधीच नाही."

"मग आमच्या पोटावर पाय आला की! बरं, पोट आहे ना तिला?"

"आहे. आतडंही आहे, ते थेट हृदयाच्या मधून जातं."

"काळजातून आतडं?" मास्तर पोरांकडे वळले. "असली शिलाई मी केली असती, तर गिऱ्हाइकानं कोट माझ्या तोंडावर फेकला असता!"

पोरं बाकांवर लोळली. त्या हशातच मुलीनं कल्ल्यांचा भागही शिकवून टाकला. शेवटी मोठ्या बाई उठल्या.

"शिंपी श्वास कशानं घेते?"

"कल्ल्यांनी!" चाळीस तोंडं एकदम.

"आणि पाण्यातलं अन्न गाळून कशानं घेते?"

"त्याच कल्ल्यांनी, बाई!"

त्या मुलीकडे वळल्या. "हे ठरवून केलंत?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण मुलगी म्हणाली, "नाही बाई. मी शिंपी मागवली होती, वडील आले."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून हसून पाणी आलं होतं. "बरंच झालं. ती एवढीशी शिंपी मागच्या बाकावरून मला दिसलीही नसती. जूनपासून तुम्ही कायम."

मास्तर घरी पोचले तेव्हा बायको दारातच उभी होती.

"झाली का कायम?"

"सांगतो. आधी ऐक, शिंपीला डोकं नसतं."

"ते मला लग्नापासून माहीत आहे. अहो, पोरगी कायम झाली का?"

"झाली," मास्तर म्हणाले, आणि आतड्याची हकिकत सुरू केली. ती ऐकायला बायको जाग्यावर नव्हतीच. ती आत देवापुढे हात जोडून उभी होती.