नाही म्हणायचं

आईच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा तिचा पलंग आम्ही हॉलमध्ये, टीव्हीसमोर आणला. टीव्हीला कॉम्प्युटर जोडलेला, आणि त्यात माझ्या लग्नाचं शूटिंग. आईची धाकटी बहीण त्यात धवले गाते, आमच्याकडची लग्नातली गाणी. मावशी जाऊन चार वर्षं झाली होती. आईला दिवसभर तेवढंच बघायचं असे. वडिलांचा हात थरथरतो, माउस धरवत नाही, म्हणून मी त्यांच्या मोबाईलवर रिमोटचं ॲप टाकून दिलं होतं. अंगठ्याने मोठं बटण दाबलं की मावशी गायला लागे.

एक दिवस मोबाईल अपडेट झाला आणि ते बंद पडलं.

"कॉम्प्युटर सापडत नाय बोलतंय," वडिलांचा फोन आला.

लोकांचे कॉम्प्युटर लांबून दुरुस्त करायचे, हीच माझी नोकरी. अनोळखी साहेबांशी मी तासभर गोड बोलते; वडिलांशी दुसऱ्याच मिनिटाला माझा आवाज चढला. लोका सांगे ब्रह्मज्ञान! मोबाईल आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर आहेत ना? आहेत. राउटर बंद करून चालू केला? केला. "मग ॲप काढा आणि परत टाका!" त्यांनी काढलं, टाकलं. तरी नाहीच.

तीन आठवडे मी त्यांना तेच करायला लावलं, वर दरवेळी ऐकवलं, की बाबा, तुम्ही नीट करतच नाही. मी कोपरखैरण्यात, ते सारसोळ्यात. रिक्षाने अर्धा तास. पण माझे शनिवार-रविवार कशात ना कशात जात होते. कशात, ते आज आठवतसुद्धा नाही.

मग आईच्या छातीत कफ भरला, तिला हॉस्पिटलात ठेवलं. ती घरी येईल तेव्हा मावशी चालू पाहिजे, म्हणून मी एकदाची गेले. म्हटलं, बाबा, माझ्यासमोर करा. त्यांनी ॲप काढलं, परत टाकलं, अगदी नीट. उघडल्याबरोबर मोबाईलने विचारलं, या ॲपला घरातली इतर उपकरणं शोधू द्यायची का? त्यांनी जराही न थांबता 'नाही' दाबलं.

"बाबा! 'नाही' कशाला दाबलंत?"

"तूच तं बोल्लीस. मोबाईलनी काय पन इचारला तरी नाय म्हनायचा."

बोलले होते खरी. वर्षापूर्वी एका भामट्याचा फोन आला आणि त्याच्या सांगण्यावरून ते भलतंच काही दाबून बसले, तेव्हा पाहुण्यांदेखत मी त्यांना झापलं होतं.

सेटिंगमध्ये जाऊन मी परवानगी दिली. अर्धं मिनिटही लागलं नाही. मावशी गायला लागली, समोर पलंग रिकामा.

आई घरी आलीच नाही. त्या तीन आठवड्यांवरून माझं मन मला अजून खातं. वडिलांनी मात्र एका शब्दाने बोल लावला नाही.

तेराव्यानंतर त्यांचा फोन आला. "मोबाईल कायतरी इचारतंय. काय म्हनू?"

"काही दाबू नका, बाबा," मी म्हटलं, "मी येते."

पहिल्या दिवशी एवढंच म्हणायचं होतं.